चोरीला गेलेलं स्वयंपाकघर

"मास्तरीणबाई, पळत या! माझं स्वयंपाकघर चोरीला गेलं!"

मी फोन कानापासून हातभर लांब धरला. तरी ऐकू येतच होतं, आणि फोन बंद केला असता तरी आलं असतं. हणमंतराव म्हणजे कांदा-बटाटा मार्केटातले जुने अडते. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देण्यात, म्हणजे पहाटेपासून दुपारपर्यंत ओरडण्यात, त्यांची हयात गेली. ते कोपरखैरण्याला खोकले की तुर्भ्याला ट्रक मागं सरकतात.

"चोरीला म्हणजे काय? भांडी गेली?"

"भांडी हायत. ओटा हाय, गॅस हाय. पन ह्यातलं माझं काय बी न्हाई. दुसऱ्या कुनाचं तरी आनून बसवलंय!"

मागून एका बाईचा रडवेला आवाज आला, "बाबा, असं काय करताय? मी फक्त साफसफाई केलीय!"

"ऐकलंत? चोर अजून घरातच हाय."

मी सापडतील त्या चपला पायात घातल्या (एक माझी आणि एक शेजारणीची, हे नंतर कळलं) आणि सानपाड्याच्या नाक्यावर रिक्षाला हात करत उभी राहिले. रविवारची सकाळ. रिक्षावाले कोपरखैरणं म्हटल्यावर असं तोंड करत होते, जणू मी त्यांना उरणच्या खाडीत उतरायला सांगतेय. तेव्हा रिक्षा मिळेपर्यंत तुम्हाला प्रकरण काय ते सांगून घेते.

माझा धंदा कुकिंग क्लासचा. नव्या मुंबईत जेवढ्या नव्या सुना आल्या तेवढ्यांना मी आमटी शिकवली, असं मी सांगते. माझे मिस्टर म्हणतात, "तेवढ्या सासवा तुझ्यावर चिडल्या, असं सांग." केक, उकडीचे मोदक, परदेशी निघालेल्या पोरांसाठी जगण्यापुरता वरणभात, सगळं शिकवून झालं. मला वाटायचं, स्वयंपाकातलं मला न येणारं आता फक्त गप्प बसणं उरलंय. मग प्राची आली.

प्राची महाप्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी मुलगी. पहिल्या दिवशी मी तिला कांदा चिरायला दिला. पांढरा कांदा, पांढरा प्लॅस्टिकचा बोर्ड आणि डोक्यावर माझी लखलखीत ट्यूबलाइट. तिनं मन लावून बोर्ड चिरला. कांदा बाजूला आरामात बसून बघत होता.

मी माझ्या कोमल आवाजात विचारलं, "अगं, लक्ष कुठंय तुझं?" (कोमल म्हणजे, खालच्या मजल्यावरच्यांनी आपला गॅस बंद केला.)

"लक्ष इथंच आहे मॅडम, नजर कमी आहे," ती म्हणाली. "जन्मापासून. तुम्ही मला पांढऱ्यावर पांढरं दिलंय. काळी थाळी असेल का?"

काळी थाळी नव्हती. भाकरीचा तवा होता. तो घासून, पालथा घालून दिला, तर पोरीनं त्यावर कांदा असा बारीक चिरला की मला माझ्या हातांची लाज वाटायची वेळ आली. मी ती येऊ दिली नाही. मी म्हटलं, "बघ, माझ्या तव्यावर कसं जमलं!"

आंधळं आणि डोळस यांच्या मधोमध एवढी मोठी वस्ती आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. कुणाला फक्त मधलं दिसतं, बोगद्यातून बघावं तसं. कुणाला उलट, कडेचं दिसतं आणि मधोमध धुक्याचा गोळा. कुणाला सगळं दिसतं, पण तेलकट कागदाआडून. चष्म्यानं हे जात नाही. आणि यातला जवळपास प्रत्येकजण स्वयंपाक करू शकतो. जमत नाही ते त्यांच्या घरच्यांना. म्हणजे लांब उभं राहणं जमत नाही.

प्राचीनं तिच्यासारख्या चौघांना आणलं, त्यांनी आणखी कुणाला, आणि माझा शनिवारचा क्लास सुरू झाला. सगळी विद्या मी उलटी करून घेतली. आतापर्यंत मी ओरडायचे, "सोनेरी रंग येईपर्यंत परता." आता रंग गेला कुठं? मग कळलं की कांदा परतताना आधी फुसफुसतो, मग कुजबुजतो आणि तयार झाला की गप्प होतो. गप्प झाल्यावर आणखी वाट बघाल तर जळतो. माणसांसारखंच. दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यात छोटी बशी पालथी टाकायची; उकळी आली की ती भिक्षेकऱ्यासारखी खडखडते. तेल तापलं का बघायला मोहरीचा एकच दाणा पुढं पाठवायचा. हा आमचा खबऱ्या. तो तडतडला की बाकीची फौज. तांदूळ काळ्या ताटात निवडायचे, उडीद पांढऱ्यात. मिठाच्या डब्याला एक रबरबँड, साखरेच्या डब्याला दोन. गॅसच्या बटणावर नळाला लावतात त्या पुट्टीचा टेंगूळ. टेंगूळ वर असला की गॅस बंद, डावीकडे वळला की मोठी आच, खाली आला की बारीक. आधी मी तिथं टिकल्या लावल्या होत्या. तेलाच्या हातानं त्या निघाल्या आणि एक तर थेट उसळीत गेली. ज्याला मिळाली त्याला आम्ही सौभाग्यवती म्हणून हळदीकुंकू लावलं. तो महापालिकेत क्लार्क होता.

पण या सगळ्यावरचा नियम एकच: वस्तू हलवायची नाही आणि हलवलीच तर तोंडानं सांगायचं. डोळसाची वस्तू हरवली की तो खोलीभर नजर फिरवतो. आमच्या मंडळींची वाटी वीतभर सरकली तरी ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली. म्हणून शनिवारी माझ्या क्लासात नुसता बाजार भरायचा. "वाटी उजवीकडं ठेवली हो!" "गरम पातेलं घेऊन मागून येतेय!" "सुरी खाली ठेवली, टोक भिंतीकडं!"

या क्लासाला दिवाळे गावची मालनबाय यायची. कोळीवाड्यातली बाई, नजर निम्मी गेलेली. मी तिला उत्साहानं कोलंबी साफ करायला शिकवू लागले, तर तिनं कमरेवर हात ठेवले. "गो बाय, कोलबी मना शिकवतं? मी डोलं मिटून सोलतंय ती. मना केक शिकव. नातवाचा वारदिवस हाय." केक तिला उत्तम जमला. फक्त वास जरा कोलंबीचा यायचा.

सगळेच असे निभावले असं मात्र नाही. एक बाई पुरणपोळीपर्यंत शिकली आणि घरी तिला कुणी ओट्यापाशी उभं राहू दिलं नाही. "तू बस, आम्ही आहोत ना." प्रेमानंच. ती अजून मला फोन करून एखादा पदार्थ कसा करायचा ते विचारते. करत नाही, नुसतं ऐकून घेते. मी मुद्दाम सावकाश सांगते.

तर हणमंतराव. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलेला. त्यामुळे तुमचं नाक बघायचं तर ते तुमच्या कानाकडं बघतात. मला आधी वाटलं, भाव पाडायची सवय असेल. बायको जाऊन थोडे महिने झाले होते. एकदा त्यांनी तेल समजून भांडी घासायचं लिंबाचं लिक्विड कढईत ओतलं आणि फेस आला तरी ढवळत राहिले. त्यांचं म्हणणं, "मला वाटलं, नव्या तेलाला असंच होत आसंल." नेमकी त्याच दिवशी त्यांची एकुलती एक मुलगी मनीषा पुण्याहून आलेली. तिनं कढई बघितली आणि तिथल्या तिथं जाहीर केलं: बाबा, आता एकटं राहायचं नाही. फ्लॅट भाड्यानं द्यायचा आणि पुण्याला माझ्याकडं यायचं.

डबा लावून बघितला होता. त्यावर हणमंतरावांचं मत, "डब्यातल्या भाजीला आडनाव नसतंय." आणि लेकीकडं राहायचं म्हटल्यावर साताऱ्याकडचा हा गडी सरळ म्हणाला, "लेकीच्या घरी पिशवी घिऊन जाईन. गाठोडं घिऊन न्हाई." गाठोडं नेलं की परत यायचं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. इथं सकाळी मार्केटात चक्कर व्हायची, जुन्या गाळ्यावर चहा व्हायचा, कांदा चोळून बघून "ह्यो टिकनार न्हाई" असं फुकट सांगता यायचं. पुण्यात अकराव्या मजल्यावर ते कुणाला सांगणार? लिफ्टला?

शेवटी बाप-लेकीत करार झाला. हणमंतरावांनी माझ्याकडं शिकायचं. घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी मनीषा येणार, आणि तिला त्यांनी एकट्यानं, कुणाची मदत न घेता करून वाढायचं. जमलं तर इथंच राहायचं. नाही जमलं तर गाठोडं.

पावसाळाभर ते आले. वर्गात सगळ्यात जास्त आवाज त्यांचा आणि सगळ्यात जाड फोडीही त्यांच्याच. मी म्हणायचे, "शेठ, कोथिंबीर चिरायची आहे, ऊस तोडायचा नाही." ते म्हणायचे, "मास्तरीणबाई, तुमच्या जिभेला धार हाय, ती सुरीला का लावत न्हाई?" पण शिकले. अख्खा मसूर, भात आणि काकडीची कोशिंबीर एवढं त्यांचं बसलं. त्यांच्या घरी जाऊन मीच बटणांना पुट्टी लावली, ओट्याच्या कडेला काळी पट्टी चिकटवली, डब्यांना रबरं चढवली, जेवायला काळी ताटं आणली.

हं, मिळाली रिक्षा.

दार मनीषानंच उघडलं. डोळे लाल, हातात अजून घासणी. मला आत नेऊन म्हणाली, "तुम्हीच बघा काकू, काय वाईट केलं मी? काल संध्याकाळी आले. सकाळी बाबा मार्केटात गेले तेवढ्यात म्हटलं, नवरात्र तोंडावर आलंय, घर काढावं. आई असती तर तिनं काढलंच असतं."

मी स्वयंपाकघर बघितलं आणि माझी वाचा गेली. होय, माझी. मिस्टरांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसला नाही.

पोरीनं जीव ओतला होता. आपल्याकडं नवरात्राआधी घरातला एकेक डबा घासून लखलखीत करायची रीत. तशी तिनं ती अक्षर न् अक्षर पाळली होती. डबे घासून, पुसून, उंचीप्रमाणं रांगेत. मळकी रबरं काढून टाकलेली. "बटणांना काहीतरी चिकटलं होतं," ते चाकूनं खरवडलेलं. काळी पट्टी सोललेली. आणि सणाच्या तोंडावर काळ्या ताटात जेवायचं अशुभ, म्हणून काळी ताटं माळ्यावर आणि त्यांच्या जागी बापासाठी प्रेमानं आणलेला नवाकोरा डिनर सेट. पांढराशुभ्र.

मधोमध हणमंतराव पिशवीतल्या काकड्या छातीशी धरून उभे. स्वतःच्या घरात वाट चुकलेले.

"झालं," मी म्हटलं, "आणा ते डबे इकडं. मी घटकेत सगळं जागेवर लावते. पुट्टी—"

"हात लावायचा न्हाई कुनी!" हणमंतराव गरजले. "करारात मदत न्हाई."

"अहो, पण हे तुमचं लावलेलं नाही ना. आजचं राहू दे, पुढच्या रविवारी—"

"फुडच्या रविवारी हिनं आनिक पांढरं आनलं तर?" मग आवाज खाली आला. तो खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "तुमी उद्या नसाल, बाई. ही बी नसंल. कामवाली येईल, तीबी हलवंल. दर टायमाला काय तुमाला रिक्षा करायला लावू?"

मी डब्याकडं गेलेला हात मागं घेतला.

मग त्यांनी काकड्या खाली ठेवल्या, बाह्या वर केल्या आणि रांगेतला पहिला डबा कानाशी धरून हलवला.

"तूरडाळ!" त्यांनी पुकारा केला. डबा डावीकडं गेला. "साबुदाना!" तो मागं. "पोहे. ह्येंचा आवाज चोरपावलांचा." असा एकेक डबा ते हलवायचे, उघडायचे, चिमूट चोळायचे, आणि लिलावातल्यासारखा पुकारा करून आपल्या जागेवर ठोकायचे. हळद वासावर गेली. तिखट जरा जास्तच जवळून हुंगलं आणि शिंका सुरू झाल्या. चढत्या क्रमानं. शेवटच्या शिंकेला समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी "सत्य आहे" म्हणालं, असं मी शपथेवर सांगते. मीठ-साखर चाखून झालं. रबरं कचऱ्यात गेली होती म्हणून मिठाच्या डब्याला कोथिंबिरीच्या जुडीची दोरी बांधली.

बटणांपाशी ते थांबले. गुळगुळीत बटणांवर बोट फिरवत राहिले. मग कणकेचा डबा उघडला, चिमूटभर कणीक पाण्यात भिजवली, तिच्या दोन चिकट गोळ्या केल्या आणि दोन्ही बटणांवर थापल्या. आच लागली की वाळून घट्ट बसतात. ही युक्ती मी आता क्लासात शिकवते. माझी म्हणून.

मनीषा दारात उभी. तिचे हात सारखे पुढं यायचे. मी तिला लसणाचा गड्डा दिला. "सोलत बस. हात रिकामा राहिला की मदत करतो." दुसराही दिला.

मसूर-भात कुकरात चढला. शिट्ट्या झाल्या, कुकर खाली उतरला. काकडी कोचवायला घेतली. पांढऱ्या ताटात ती दिसेना, तेव्हा मनीषाचा जांभळा रुमाल ओट्यावरून हाताला लागला, तो त्यांनी पाटावर पसरला आणि रुमालावर काकडी. हे सगळं तिरकं बघत, मान कलती ठेवून. मग फोडणीची कढई ठेवली, तेल ओतलं, बटण वळवलं, लायटर मारला. भक् झालं.

पण बटण वळलं होतं शेजारचं.

कढई एका शेगडीवर, जाळ दुसरीवर. मनीषानं बघितलं. तिनं तोंड उघडलं. मी तिचा दंड असा चिमटला की तो वळ दिवाळीपर्यंत राहिला असेल. स्वतःच्याही जिभेचा मी चावा घेतला, कारण ती तुमच्या ओळखीची आहेच. डोळ्यांपुढं गाठोडं दिसायला लागलं. मोकळा जाळ, बाजूला सुती रुमाल, आणि बापाचा हात त्यांच्यामध्ये.

हणमंतरावांनी खबऱ्या सोडला. मोहरीचा एक दाणा. तो कढईत गेला आणि गप्प.

ते वाट बघत राहिले. आणखी एक सोडला. तोही गप्प. मनीषाच्या हातातल्या लसणाचा चिवडा झाला.

मग त्यांनी तळहात कढईच्या वर, लांबून धरला. गार. हात तसाच उंचावर ठेवून सावकाश बाजूला नेला. एका जागी थांबला.

"आयला," ते म्हणाले, "जाळ शेजारनीकडं गेलाय."

बटण चाचपलं, बंद केलं. थोडं थांबले. दुसऱ्या बटणावरची गोळी शोधली, तिच्यावर बोट ठेवलं, आणि या वेळी लायटर मारण्याआधी दुसऱ्या हातानं कढईचा कान धरून बघितला. भक्. तिसरा खबऱ्या तडतडला आणि सगळी मोहरी मागोमाग गेली.

मी मनीषाचा दंड सोडला. ती माझ्याकडं न बघता पुटपुटली, "माझ्याकडून पण होतं हे. माझ्याकडं चार बर्नर आहेत. मी तर मागच्या महिन्यात रिकामाच तापवत ठेवला होता."

"बाबांना सांगितलंस?"

"वेड लागलंय का?"

जेवायला बसलो. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसेना, म्हणून हणमंतरावांनी आपल्या भातावर आधी मसूर ओतून घेतला. तपकिरी रस्सा जिथवर पोचला तिथवर भात, असा हिशेब. मसूर जरा पातळ होता. काकडीच्या काही फोडींनी मला ऊस आठवला. मी काही बोलले नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखा.

मनीषा खाली मान घालून जेवत होती. हणमंतराव जेवतच नव्हते. तिच्या कानाकडं बघत होते, म्हणजे तोंडाकडं. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्यांना विचारायचं धाडस होईना. मसूर संपला. तिनं वाटी पुढं केली.

"वाटी फुडं केली का माघारी सारली?" त्यांनी मला विचारलं.

"पुढं केली," मी म्हटलं.

त्यांनी पळी घेतली, वाटीची कड बोटानं शोधली आणि वाढलं. थोडं बाहेर सांडलं. दुसरी वाटी अर्धी झाल्यावर मनीषा म्हणाली, "मी रोज संध्याकाळी फोन करीन. गॅस बंद केला का विचारीन. चिडायचं नाही."

"आनि गाठोडं?"

"पिशवी घेऊन या. भाऊबीजेनंतर. चार दिवस राहा आणि परत जा." मग तिनं नाक ओढलं, बहुधा लसणामुळं. "आणि ती काळी ताटं कुठं ठेवलीत ते मी आत्ता सांगून जाते."

मी घरी येऊन मिस्टरांना सगळी हकिकत सांगितली. त्यात थोडी आगही लागली होती आणि ती मी विझवली होती. रात्रभर मला कौतुकानं झोप लागली नाही. आता हा माणूस रोज स्वतःच्या हातानं करून खाणार, स्वतःच्या घरात, आपल्या मनाप्रमाणं. दुसऱ्या दिवशी दुपारी न राहवून मी फोन लावला. म्हटलं, "मग शेठ! आज पहिला दिवस! काय केलंत आज?"

"काय न्हाई," हणमंतराव म्हणाले. "कटाळा आला. खाली जाऊन मिसळ खाल्ली."